धसईचे स्वाइप मशीन

मुरबाडहून म्हशाच्या रस्त्याने पुढे गेले की धसईची बाजारपेठ लागते. पलीकडे सह्याद्रीची भिंत आणि गोरखगडाचा सुळका. आसपासच्या पाड्यांवरची माणसे मीठमिरचीपासून बी-बियाण्यापर्यंत सगळ्यासाठी इथेच येतात. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार या बाजारपेठेत आले आणि धसई हे महाराष्ट्रातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. उपक्रमामागे बँक ऑफ बडोदा आणि सावरकर प्रतिष्ठान होते. गावाची वस्ती दहा हजारांच्या घरात आणि व्यापारी दीडशेच्या आसपास, असे त्या दिवसांच्या बातम्यांत आले. किराणा दुकानापासून वडापावपर्यंत सगळीकडे कार्ड चालणार होते. मुंबईहून कॅमेरे आले, देशभरच्या वाहिन्यांवर गाव झळकले.

त्या दिवशी देशात नोटाबंदीचा चौथा आठवडा चालू होता. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती. मुरबाड-शहापुरात हे दिवस भाताच्या कापणी-झोडणीचे. भात विकून वर्षाची देणी फेडायची, दुकानदाराची उधारी मिटवायची, लग्नाची बोलणी करायची, हे सगळे याच दोन महिन्यांत होते. ज्यांच्याकडे जमीन नाही ती कातकरी आणि ठाकर कुटुंबे याच सुमाराला भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. भट्टीमालकाची उचल रोख मिळते आणि आठवड्याची खर्चीही रोखच. त्यात १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. ग्रामीण ठाण्यात शेतकऱ्याची बँक म्हणजे ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. सोसायटीचे पीककर्ज तिथे, ठेव तिथे. ती बँकच बाजूला काढल्यावर माणसाने नोटा घेऊन कुठल्या रांगेत उभे राहायचे?

म्हणून धसईच्या व्यापाऱ्यांनी यंत्रे घेतली ती हौसेने नव्हे. गिऱ्हाईक दारात होते, माल कपाटात होता आणि मधला पैसा गायब झाला होता. अशा वेळी कुणीही पुढे केलेला हात माणूस धरतो. मला धसईची ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती याचसाठी. तंत्रज्ञानाच्या मोठ्या कंपन्यांची किंमत काय आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा, ही चर्चा आपण बहुधा शेअर बाजाराच्या आकड्यांवरून करतो. ती चर्चा या दोन तालुक्यांतून केली तर वेगळे काहीतरी दिसते. कारण जबरदस्त यंत्रणा घेऊन बाहेरून कुणी येणे, ही इथल्या माणसांसाठी पहिली वेळ नव्हती.

फार मागे जायचे तर मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यापासून वर चढणारा नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नर-पैठणकडे याच वाटेने जाई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि हजारो कार्षापणांचा हिशेब त्यात कोरला आहे. इतकी दक्षिणा देण्याची ऐपत राजघराण्याला व्यापारातून आली, हे उघड आहे. जवळच दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात टाकत, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. घाटाची वाट ज्याच्या ताब्यात, त्याला दोन्ही बाजूंच्या व्यापाराचा वाटा मिळतो. माल त्याचा नसतो, गिऱ्हाईक त्याचे नसते, पण वाट टाळून जाता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही वाटच बदलली. १८४९ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपल्याकडची ‘जीआयपी’, ही त्या काळातली तंत्रज्ञानाची सर्वांत बलाढ्य कंपनी म्हणावी लागेल. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८६१ च्या आरंभी रूळ शहापूर तालुक्यातून कसाऱ्याला पोचले आणि १८६५ साली थळ घाटाची चढण पार झाली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशने नकाशावर आली. मुरबाड बाजूला पडले. नाणेघाटाचा राबता ओसरला आणि मुरबाडला रेल्वे आजतागायत नाही.

रेल्वे उपयोगी होती यात शंका घेण्याचे कारण नाही. पण तिचा करार पाहण्यासारखा आहे. कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. गाडी तोट्यात चालली तरी लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून भरली जाणार. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ओहोटीचा हिशेब मांडला, त्यात या व्याज-परताव्याच्या रकमाही होत्या. धोका लोकांचा आणि नफा कंपनीचा, अशी ही विभागणी होती. सरकारने रेल्वेची मालकी १९०० साली विकत घेतली आणि कारभार १९२५ साली हातात घेतला. मधली पाऊणशे वर्षे शहापूरच्या शेतकऱ्याला या कंपनीशी बोलायचे असेल तर त्याच्या ओळखीचा माणूस म्हणजे फार तर स्टेशनमास्तर.

पाण्याचेही तसेच. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि मुंबईच्या नळाला शहापूरचे पाणी गेले. नंतर वैतरणा, मग भातसा. मुंबईला प्यायला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा याच तालुक्यातून जातो आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण शहापुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मोठी यंत्रणा उत्तम चालू शकते आणि तरीही ती आपल्यासाठी चालत नसते, हे ज्ञान या मातीत मुरलेले आहे. धसईच्या दुकानदाराने पुढे काय केले ते या पार्श्वभूमीवर पाहावे.

त्याआधी मात्र आणखी एक प्रयोग पाहायला हवा. धसईच्या आदल्या वर्षी याच महाराष्ट्रात तो सुरू झाला होता. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आणले. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. कल्पना ऐकायला उदार होती: गरिबांना इंटरनेट फुकट. प्रत्यक्षात फुकट होती ती फेसबुकने मान्य केलेली मोजकी संकेतस्थळे, त्याच्या अटींवर आणि एकाच मोबाईल कंपनीच्या सिमवर. टीका झाली तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ केले गेले. डिसेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळा दर लावू द्यावा का, यावर लोकांची मते मागवली. फेसबुकने पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या, शहरांत फलक लावले. मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हवामान आणि बाजारभाव त्याला या सेवेतून कळतात, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या मोहिमेत मला सर्वांत खटकते ती गोष्ट जाहिरातीतली नाही. फेसबुक उघडणाऱ्या भारतीयांसमोर आधीच लिहून ठेवलेले एक पत्र येई. बटण दाबले की ते त्यांच्या नावाने ट्रायकडे जाई. लाखो पत्रे अशी गेली. ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हतीच. माणसाचे मत त्याच्या नावाने दुसऱ्याने तयार करावे आणि ते मत म्हणून मोजले जावे, ही अपेक्षा जगातल्या एका प्रचंड कंपनीने एका देशाच्या नियामकाकडून केली. ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी ती मान्य केली नाही. सल्लामसलत म्हणजे संख्याबळाचा कौल नव्हे, असे ट्रायने फेसबुकला लेखी कळवले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला: मजकूर पाहून इंटरनेटचा दर कमीजास्त करता येणार नाही. फ्री बेसिक्स भारतातून गेले.

या निर्णयाने गरिबांचे नुकसान झाले, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा सात महिन्यांत मिळाला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले. सुरुवातीचे महिने डेटा फुकट, नंतर स्वस्त, आणि सगळे इंटरनेट खुले. इतर कंपन्यांना दर पाडावे लागले. मुरबाड-शहापुरातल्या तरुणांच्या हातात इंटरनेट आले ते या दरयुद्धातून. ते आले तेव्हा कुठली संकेतस्थळे पाहायची हे कुणी ठरवून दिलेले नव्हते. अर्थात या दरयुद्धाने बाजारात मोजक्याच कंपन्या उरल्या; २०१७ अखेर रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवाही बंद पडली. आणि २०१६ साली दारातून परत पाठवलेल्या फेसबुकने २२ एप्रिल २०२० रोजी ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला. काही दिवसांतच जिओमार्टची व्हॉट्सअ‍ॅपवरून किराणा मागवण्याची चाचणी सुरू झाली ती नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण या तीन शहरांत. कल्याण म्हणजे मुरबाडकरांची मोठी पेठ. ज्या कंपनीला इंटरनेटचा दरवाजा आपल्या ताब्यात हवा होता, ती आता किराणा दुकानाच्या उंबऱ्यावर आली होती.

विदर्भातल्या हरिसालचीही इथे आठवण ठेवली पाहिजे. मेळघाटातले हे गाव मायक्रोसॉफ्ट आणि राज्य सरकारने मिळून देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून उभे केले होते. एप्रिल २०१९ मध्ये राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच हरिसालची अवस्था सभेच्या पडद्यावर दाखवली आणि सरकारी जाहिरातीत झळकलेल्या तिथल्या तरुणालाच व्यासपीठावर उभे केले. त्या राजकारणात मला इथे शिरायचे नाही. पण एखादे गाव जाहिरातीत ‘पहिले’ ठरले की त्या गावातल्या रोजच्या अडचणींना बोलायला जागा उरत नाही, एवढे त्यातून दिसले.

धसईचेही तसेच झाले. कॅमेरे गेल्यावर हिशेब सुरू झाला.

कार्डाचे यंत्र चालायला तीन गोष्टी लागतात: वीज, सिमला रेंज आणि पलीकडच्या बँकेचा चालू असलेला सर्व्हर. डोंगराच्या कुशीतल्या बाजारपेठेत या तिन्ही एका वेळी जुळून येणे हा नशिबाचा भाग. गिऱ्हाइकाने कार्ड पुढे करावे, यंत्राने विचार करत बसावे, मागे माणसे ताटकळावीत, आणि शेवटी कागदाची पट्टी बाहेर आलीच तर ‘व्यवहार अयशस्वी’. मग पैसे कटले की नाही, हा वाद. अनेक गिऱ्हाइकांकडे कार्डच नव्हते. जनधन खात्यांसोबत रुपे कार्ड मिळाले होते, पण ते घरातल्या पेटीत होते आणि पिन कुणाच्या तरी आठवणीत. पाड्यावरून वीस रुपयांचे तेल घ्यायला आलेल्या बाईने कार्ड वापरावे, ही अपेक्षाच मुळात मुंबईत बसून केलेली होती.

दुसरा मुद्दा पैशाचा होता आणि तोच निर्णायक ठरला, असे माझे मत आहे. तेव्हा डेबिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर व्यापाऱ्याला शुल्क द्यावे लागे. बँकेच्या भाषेत त्याला एमडीआर म्हणतात. नोटाबंदीच्या काळात ते ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत माफ होते. १ जानेवारी २०१७ पासून ते परत आले, दर कमी करून: हजार रुपयांपर्यंत पाव टक्का, दोन हजारांपर्यंत अर्धा टक्का, त्यावर एक टक्का. शहरातल्या मॉलला हा आकडा किरकोळ. साखर आणि तेल विकणाऱ्या धसईच्या किराणा दुकानदाराला त्या मालावर सुटतातच मोजके पैसे. वर यंत्राचे भाडे. शिवाय रोखीत आलेले पैसे संध्याकाळी हातात असतात आणि सकाळी कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याला देता येतात; कार्डाचे पैसे खात्यात पोचायला वेळ लागतो. आपलाच माल, आपलेच गिऱ्हाईक, आणि मधल्या वाटेची जकात. नाणेघाटात निदान जकात भरल्यावर माणूस घाट चढून जाई. इथे जकात भरूनही वाट अधूनमधून बंदच असे.

नव्या नोटा बाजारात आल्या तशी यंत्रे मागे सरकली. काही महिन्यांनी वार्ताहर पुन्हा धसईला गेले तेव्हा बाजारपेठ बहुतांशी रोखीवर परतलेली त्यांना दिसली. काहींनी याला गावकऱ्यांचा मागासपणा म्हटले, ते चूक आहे. धसईच्या व्यापाऱ्यांनी नव्या साधनाला पुरेशी संधी दिली, त्याचा खर्च आणि खोळंबा मोजला आणि ते महाग पडते असा निष्कर्ष काढला. कुठल्याही जाणत्या व्यापाऱ्याने हेच केले असते.

आणि तरीही आज मुरबाडच्या एसटी स्टँडवर, शहापूरच्या बाजारात, आसनगावच्या रिक्षात स्कॅनर लटकलेला असतो. ‘फोन पे कर’ हे आता क्रियापद झाले आहे. ॲप कुठलेही असो. हे कसे घडले ते नीट समजून घ्यायला हवे, कारण याचे श्रेय कुणाला द्यायचे यावरच कंपन्यांच्या खऱ्या किमतीचा निवाडा होतो.

यूपीआयची यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने उभारली. ही संस्था २००८ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झाली, ना-नफा तत्त्वावर. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये बँकांची ॲप्स येऊ लागली. डिसेंबर २०१६ मध्ये, धसई गाजत होते त्या महिन्यात, देशभरात यूपीआयचे जेमतेम २० लाख व्यवहार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक झाले. मधल्या काळात फोनपे पसरले, जे आज अमेरिकेच्या वॉलमार्टच्या मालकीचे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलचे ‘तेज’ आले आणि वर्षभरात ‘गूगल पे’ झाले. या दोघांनी ॲप सोपे केले, मराठीत आणले, गल्लीबोळांत स्टिकर पोचवले, सुरुवातीला गिऱ्हाइकांना बक्षिसे वाटली. हे काम मोठे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी ‘भीम’ ॲप ३० डिसेंबर २०१६ लाच आले होते, पण लोकांच्या बोटांखाली राहिले नाही.

पण धसईत कार्डाचे यंत्र ज्या गोष्टींनी हरले, त्यांची उत्तरे या कंपन्यांनी शोधलेली नाहीत. महागड्या यंत्राच्या जागी छापील कागद आला, तो क्यूआर कोडमुळे. आणि कुठल्याही ॲपने कुठलाही कोड वाचता आलाच पाहिजे, हा आग्रह रिझर्व्ह बँकेचा. ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाने कंपन्यांना स्वतःपुरते बंदिस्त कोड काढायला मनाई झाली. एमडीआर गेला तो १ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारच्या निर्णयाने. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड दोन्हींवर शून्य. इंटरनेट स्वस्त आणि खुले राहिले, त्यामागे ट्रायचा २०१६ चा नियम आणि मोबाईल कंपन्यांची चढाओढ. वाट ना-नफा संस्थेने बांधली, जकात माफ झाली, आणि मग त्या वाटेवर दोन कंपन्यांच्या गाड्या सुसाट धावल्या.

आज त्या दोघींच्या हातात यूपीआयचे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार आहेत. एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नसावा, असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. अंमलबजावणीची मुदत आधी २०२२ अखेर होती, मग २०२४ अखेर झाली, आता ३१ डिसेंबर २०२६ आहे. मुदत पुढे जात राहिली याचे कारण सरळ आहे: इतक्या लोकांना एका ॲपमधून उठवून दुसरीकडे बसवायचे कसे, हे कुणाला सुचत नाही. मला यात दोन्ही बाजूंचा दोष दिसतो. नियम करताना तो लवकर करायला हवा होता. आणि वाढत्या कंपन्यांनी तो मनावर घ्यावा, असे कुठलेही कारण त्यांना दिले गेले नाही.

इतका मोठा वाटा दोघींकडे असण्यात धोका काय, याचे उदाहरण आपण पाहिले आहे. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले. महिनाभर खात्यातून ५० हजारांपेक्षा जास्त काढता येणार नव्हते. फोनपेचा यूपीआय व्यवहार तेव्हा त्या एकाच बँकेवर अवलंबून होता. रातोरात सेवा बंद पडली आणि आयसीआयसीआय बँकेकडे वळवून ती परत सुरू व्हायला सुमारे एक दिवस गेला. लोकांच्या खात्यांतले पैसे आपापल्या बँकांत सुरक्षित होते, पण दुकानात उभ्या माणसाला हे कसे कळावे? पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली. पेटीएम म्हणजे नोटाबंदीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पंतप्रधानांच्या छायाचित्रासह जाहिरात देणारी कंपनी. गावोगावच्या दुकानांत तिचे बोलणारे डबे बसलेले होते. ज्यांचे पैसे त्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात जमा होत, त्या व्यापाऱ्यांना १५ मार्चपर्यंत दुसरे खाते जोडावे लागले.

या दोन्ही वेळी नियामकाने हस्तक्षेप केला म्हणून लोकांचे पैसे बुडाले नाहीत. विश्वास ठेवायचाच तर तो या देखरेखीवर ठेवावा. कंपनी चांगली की वाईट, हा प्रश्न मला त्यापुढे दुय्यम वाटतो. व्यवहार फसला तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न पहिला.

आणि इथेच मुरबाड-शहापूरचा माणूस अजून अडतो. पैसे कटले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर ॲपमध्ये तक्रारीचे बटण आहे. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ पासून आहे. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर फोन करता येतो. या सोयी कागदावर चांगल्या आहेत आणि ज्याला लिहिता-वाचता येते, ज्याच्या फोनला रेंज आहे, त्याच्यासाठी कामाच्याही आहेत. पण मातीकामाने बोटांच्या रेघा झिजलेल्या कातकरी बाईचा ठसा आधारच्या यंत्रावर जुळला नाही, तर ती कुणाला विचारणार? २०२० साली राज्याने आदिवासी कुटुंबांना चार हजारांचे खावटी अनुदान मंजूर केले, निम्मे वस्तूरूपात आणि निम्मे खात्यात. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या हद्दीतल्या पाड्यांना खात्यातले ते दोन हजार हातात घेण्यासाठी कुणीतरी माणूसच लागला: बँकमित्र, आपले सरकार केंद्रवाला, नाहीतर पोस्टमन. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने पोस्टमनच्या हातात ते यंत्र दिले. त्याचे नाव गावाला माहीत असते, पुढच्या आठवड्यात तो परत येणार असतो, चूक झाली तर त्याला थांबवून विचारता येते. अब्जावधी डॉलर किमतीच्या कोणत्याही कंपनीकडे या दोन तालुक्यांसाठी असा एकही माणूस नाही. कंपन्यांनी तो नेमावा, तालुक्याच्या ठिकाणी तरी नेमावा, असे मला मनापासून वाटते. ज्यांचे वसुलीचे आणि स्टिकर लावण्याचे प्रतिनिधी पाड्यापर्यंत पोचतात, त्यांना तक्रार ऐकणारा माणूस पाठवणे अवघड नाही.

जकातीचा प्रश्नही मिटलेला नाही. शून्य शुल्काची भरपाई सरकार बँकांना आणि कंपन्यांना अनुदानातून करते. २०२४-२५ या वर्षासाठी छोट्या व्यापाऱ्यांकडच्या भीम-यूपीआय व्यवहारांपोटी सुमारे दीड हजार कोटी रुपये मंजूर झाले. हे पैसे पुरत नाहीत, असे कंपन्यांचे म्हणणे. मार्च २०२५ मध्ये पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया या त्यांच्या संघटनेने पंतप्रधानांना पत्र लिहून मोठ्या व्यापाऱ्यांच्या यूपीआय व्यवहारांवर ०.३ टक्के शुल्क लावू देण्याची मागणी केली. जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने असा विचार नसल्याचा खुलासा केला. यंत्रणा चालवायला खर्च येतो, हे खरे आहे, आणि तो मोठ्या उलाढालीच्या दुकानांनी उचलावा यात मला गैर वाटत नाही. मात्र ‘मोठा’ कोण, ही रेषा पुढे सरकत सरकत मुरबाडच्या बाजारपेठेपर्यंत येऊ शकते. तशी मागणी परत टेबलावर येईल तेव्हा दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी धसईला यावे आणि २०१७ साली इथल्या दुकानदारांनी यंत्रे का बाजूला ठेवली, ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.